वजन कोणाच्या पाठीवर? ‘हँडिकॅप’ शब्दाचा रेसकोर्स ते लोकल प्रवास

करी रोडला किंवा चिंचपोकळीला लोकलची वाट बघत उभे असाल, तर प्लॅटफॉर्मवर एका ठरावीक जागी सतत ‘बीप-बीप’ वाजताना ऐकू येईल. आपला डबा नेमका कुठे लागणार हे अंध प्रवाशाला कळावं म्हणून तो आवाज. कागदोपत्री हा डबा ‘दिव्यांगांसाठी राखीव’. पण गर्दीच्या वेळी कुणी चुकून आत घुसलं तर आतून आवाज येतो, ‘ओ, हँडिकॅपचा डबा आहे!’ सर्टिफिकेटही ‘हँडिकॅपचं’, कोटाही ‘हँडिकॅपचा’. अपंग, विकलांग, दिव्यांग असे सरकारी शब्द बदलत गेले. हा इंग्रजी शब्द मात्र आपल्या बोलण्यात ठाण मांडून बसला आहे.

आजचा लेख या एका शब्दाबद्दल आहे. आणि जुगाराबद्दलही. कारण हा शब्द मुळात दवाखान्यातला नाही, पैजेतला आहे.

माझं संशोधन गिरणगावातल्या सट्ट्याच्या इतिहासावर आहे हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. लालबाग-परळमध्ये या विषयावर बोलताना एक प्रश्न हमखास येतो. क्रिकेटवर सट्टा लागतो, घोड्यांवर लागतो, निवडणुकीवर लागतो, एके काळी तर पावसावरही लागायचा. मग अपंगांच्या स्पर्धांवर का लागत नाही? आपले पॅरा खेळाडू आता पदकं आणतात, टीव्हीवर दिसतात. मग बुकींनाच त्यांचं वावडं का? काहींच्या बोलण्यात याच्या पुढचीही शंका असते: सट्टा लागत नाही म्हणजे त्या खेळाला अजून कुणी ‘खरा खेळ’ मानतच नाही, असं तर नाही ना?

प्रश्न वाटतो तेवढा हलका नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी जुगाराचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत.

सारखे आकडे, असमान घोडे

पहिला प्रकार लालबागला सांगायची गरज नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, याचे आकडे टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचे आणि इथे त्या आकड्यांवर पैसे लागायचे. १९६१ च्या सुमारास ते आकडे येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचे आकडे काढायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा मटका सुरू झाला. शून्य ते नऊमधले तीन आकडे काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक धरायचा. पाच, तीन, सहा निघाले तर बेरीज चौदा, म्हणून ‘ओपन’ चौका. संध्याकाळी ओपन, रात्री क्लोज. गिरणीच्या पाळ्यांसारखंच याचंही वेळापत्रक असे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आकड्याला शरीर नसतं. चौका सत्त्यापेक्षा दमदार नसतो, तिऱ्याचं वय होत नाही. आकडा प्रामाणिकपणे काढला असेल तर सगळ्यांना संधी सारखीच. म्हणून भावही ठरलेला, सिंगलला साधारण एकाला नऊ. दहा आकडे आणि नऊपट पैसे: मधला फरक मटकेवाल्याचा.

दुसरा प्रकार बघायला लालबागहून चिंचपोकळीचा पूल ओलांडून, आर्थर रोडवरून सात रस्त्याला या आणि तिथून महालक्ष्मीला. इथला रेसकोर्स १८८३ चा. इथे जे धावतं त्याला शरीर आहे, आणि कोणतीही दोन शरीरं सारखी नसतात. एखादा घोडा इतका सरस असतो की तोच जिंकणार हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही माहीत असतं. मग त्याच्याविरुद्ध पैसे लावणार कोण? निकाल आधीच ठरलेला असेल तर पैज उभीच राहत नाही. पैजेला अनिश्चितता लागते. ती नसेल तर तयार करावी लागते.

ती तयार करणारा माणूस म्हणजे हँडिकॅपर. प्रत्येक घोड्याची आधीची कामगिरी बघून तो त्याला गुण देतो. त्या गुणांवरून घोड्याचा वर्ग ठरतो आणि त्या वर्गात त्याने किती वजन घेऊन धावायचं तेही ठरतं. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं तर खोगिराखालच्या कप्प्यांत शिशाचे तुकडे घालतात. हँडिकॅपरचं स्वप्न एकच: सगळे घोडे अंतिम रेषेवर एकदम पोचावेत. तसं कधी होत नाही, पण तिथवर न्यायचा प्रयत्न म्हणजेच ‘हँडिकॅप’.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे जास्तीचं वजन कोणाच्या पाठीवर जातं? कमजोर घोड्याच्या नाही. तगड्याच्या. रेसकोर्सवर जितका मोठा हँडिकॅप, तितका घोडा भारी.

टोपीत हात

शब्दाची कुळकथा आणखी मागे जाते. इंग्रजीत हा शब्द टोपी हातात घेऊन भीक मागणाऱ्या अपंग सैनिकांवरून आला, अशी गोष्ट इंटरनेटवर सर्रास फिरते. ती खोटी आहे. मूळ शब्द ‘हँड इन कॅप’, म्हणजे टोपीत हात, आणि तो एका खेळाचा आहे. लंडनच्या सॅम्युअल पीप्स या अधिकाऱ्याने १६६० मध्ये आपल्या दैनंदिनीत या खेळाची नोंद केली आहे.

खेळ साधा. दोन माणसांना वस्तूंची अदलाबदल करायची आहे, समजा माझं घड्याळ आणि तुमची छत्री. वस्तू सारख्या किमतीच्या नाहीत. म्हणून एक तिसरा माणूस पंच होतो आणि सांगतो, ‘छत्रीवाल्याने वर इतके पैसे द्यावेत.’ तिघेही थोडे पैसे टोपीत टाकतात. मग आम्ही दोघं टोपीत हात घालून एकदम बाहेर काढतो. सौदा मान्य असेल तर एक खूण, नसेल तर दुसरी. दोघांचं उत्तर एकच आलं तर टोपीतले पैसे पंचाला. उत्तर वेगळं आलं तर ज्याला सौदा मान्य होता त्याला.

पंचाचं हित कशात आहे बघा. फरक इतका नेमका काढायचा की दोघांनाही तो एकसारखाच वाटावा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हीच कल्पना इंग्लंडमध्ये घोड्यांच्या शर्यतीत आली. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅडमिरल रूस यांनी वय आणि वजनाचे तक्तेच बांधून काढले. पुढे ‘हँडिकॅप’ म्हणजे कोणतीही अडचण किंवा गैरसोय असा अर्थ रुळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तो माणसांच्या शरीराला चिकटला, आधी मुलांच्या संदर्भात आणि मग सगळ्यांच्याच.

या प्रवासात अर्थ उलटा झाला. शर्यतीत हँडिकॅप म्हणजे पंचाने बाहेरून, सरस घोड्यावर ठेवलेलं वजन. शर्यत संपली की ते उतरतं. माणसाच्या बाबतीत तो शब्द आतला झाला: दुबळ्याच्या शरीरातली उणीव, जी कधी उतरत नाही. वजन ठेवणारा पंच या चित्रातून अलगद निसटला.

गिरणीतली टक्केवारी

पण शरीराला आकडा लावण्याची कल्पना आपल्या भागात रेसकोर्सवरच थांबली नाही. ती गिरणीच्या फाटकातूनही आत आली.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. कामावर कोणता अवयव गेला की कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं, याची ती यादी. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. पाय गुडघ्यापासून गेला तर ६०. दोन्ही कानांनी ऐकू येणं कायमचं बंद झालं तर ५०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचं कुठलंही बोट ५.

ही यादी जरा सावकाश वाचा आणि लूमखात्याचा विचार करा. धोटा उसळून डोळ्याला लागणं, कार्डिंगमध्ये बोटं सापडणं, मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहून कान जाणं, हे सगळं त्या कामातच होतं. कायदा आला ही मोठीच गोष्ट, त्याआधी भरपाईची अशी हमीच नव्हती. पण कायद्याने मोजलं काय? माणूस नाही, तर मजुरी कमावण्याची त्याची क्षमता. आणि डॉक्टर झाला पंच.

तीच टक्केवारीची भाषा पुढे आपल्या सगळ्या व्यवस्थेत पसरली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट घातली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, पण ४० चा उंबरठा तसाच राहिला. हँडिकॅपच्या डब्यात बसायचं तर शरीराला आकडा हवा. ३९ आणि ४१ या दोन माणसांमध्ये प्रत्यक्षात किती फरक असतो, हे कुठल्याही सरकारी इस्पितळात बोर्डासमोर बसलेल्या माणसाला विचारा.

मैदानावर तोच प्रश्न

आता खेळाकडे येऊ. अपंगांच्या आधुनिक स्पर्धांची सुरुवात १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात झाली. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी डॉ. लुडविग गुटमन यांनी त्या भरवल्या. तिथेही पहिला प्रश्न हाच होता: असमान शरीरांची बरोबरी कशी करायची? उत्तर आलं, गट पाडा. मणक्याला इजा कुठे झाली आहे त्यावरून गट.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर याच पद्धतीत पोहले. सैन्यात असताना ते बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं.

१९९० च्या दशकात गटांचा पाया बदलला. कोणती इजा आहे यापेक्षा त्या खेळात शरीर काय करू शकतं याला महत्त्व आलं. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं, तो एफ४६ गटात. ‘एफ’ म्हणजे फेकीचे प्रकार, ४६ म्हणजे हाताच्या अपंगत्वाचा एक गट.

काही ठिकाणी मात्र नुसते गट पुरत नाहीत आणि सरळ रेसकोर्सचीच युक्ती वापरतात. बर्फावरच्या पॅरा स्कीइंगमध्ये वेगवेगळ्या गटांचे खेळाडू एकत्र उतरतात आणि प्रत्येकाच्या वेळेला त्याच्या गटाच्या गुणकाने गुणतात. आपल्या जवळचं उदाहरण अंधांच्या क्रिकेटचं. चेंडूत छर्रे असतात, तो आवाजावरून खेळायचा. अकरांत किमान चार खेळाडू बी१ गटातले, म्हणजे पूर्ण अंध, असावे लागतात. आणि बी१ फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. अंशतः दिसणाऱ्याच्या पाठीवर वजन ठेवण्यापेक्षा न दिसणाऱ्याची धाव वजनदार केली. गणित तेच, पण किती वेगळ्या मनाने केलेलं! दुप्पट धावांमुळे बी१ खेळाडू संघावरचा भार राहत नाही. संघाला तो हवा असतो.

मग सट्टा का नाही?

आता मूळ प्रश्न. आधी कायद्याचं उत्तर, कारण ते छोटं आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात पैज लावणं हा जुगारच. अपवाद शर्यतीचा: तीही त्याच दिवशी आणि परवानाधारकाने ठरवून दिलेल्या आवारातच. १८७२ चा करार कायदाही पैजेचा करार रद्दबातल मानतो आणि अपवाद ठेवतो तो पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त बक्षिसाच्या घोड्यांच्या शर्यतीचा. साहेबाच्या करमणुकीला दार उघडं, बाकीच्यांना बंद, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदाही आला. म्हणजे पॅरा खेळांवरची पैज इथे बेकायदेशीरच.

पण लालबागमध्ये कोणता सट्टा कायद्याने थांबला? मटकाही बेकायदेशीरच होता. म्हणून खरं उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं.

रेसकोर्सवरचा जुना रोग तुम्हाला माहीत असेल. मालकाला पुढच्या मोठ्या शर्यतीत घोड्यावर कमी वजन हवं असतं. मग आधीच्या दोन-तीन शर्यतींत घोडा मागे खेचायचा. हँडिकॅपरला वाटतं, दम नाही याच्यात. वजन उतरतं, भाव चढतो आणि मग एके दिवशी घोडा सुटतो. जिथे दुबळेपणाचा आकडा ठरतो आणि त्या आकड्यावर पैसा असतो, तिथे दुबळं दिसण्यात फायदा असतो.

पॅरा खेळांनी हे पैजेशिवायही अनुभवलं आहे. २००० च्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये बौद्धिक अपंगत्वाच्या गटात स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकलं. नंतर उघड झालं की बारापैकी दहा खेळाडूंना तसं अपंगत्वच नव्हतं. संघात शिरलेल्या एका पत्रकारानेच ते बाहेर आणलं. पदक गेलं. पण शिक्षा कुणाला? बौद्धिक अपंगत्वाचे सगळे प्रकार अथेन्स आणि बीजिंगमधून वगळले गेले आणि २०१२ मध्ये लंडनला परत आले. लबाडी दहा जणांची आणि तिचं वजन जगभरातल्या खऱ्या खेळाडूंच्या पाठीवर, बारा वर्षं.

आपल्याकडचंही एक प्रकरण लक्षात ठेवा. २०२१ मध्ये टोकियोला विनोदकुमारने थाळीफेकीत एफ५२ गटात कांस्य मिळवलं आणि दुसऱ्या दिवशी निकाल रद्द झाला. स्पर्धेतली कामगिरी बघून पंचांना त्याला कोणताच गट देता आला नाही. घरी टीव्हीवर पदक साजरं झालेलं होतं. गट ठरवणं किती नाजूक काम आहे ते यावरून कळतं.

आता या व्यवस्थेत सट्ट्याचा पैसा ओतला तर काय होईल, याची कल्पना करा. क्रिकेटमध्ये बुकीला खेळपट्टीची आणि अंतिम अकराची आतली बातमी हवी असते. इथे आतली बातमी म्हणजे काय? एखाद्याचा आजार बळावतोय का, नजर आणखी कमी झाली का, पुढच्या महिन्यात गट बदलणार का. एका गटातून दुसऱ्या गटात जाताच हरणारा जिंकणारा होतो. म्हणजे भाव लागणार खेळाडूच्या वैद्यकीय फायलीवर. आणि फाईल पाहिलेला प्रत्येक माणूस, डॉक्टरपासून मदतनिसापर्यंत, बाजाराच्या नजरेत येणार.

ब्रिटनसारख्या देशात पॅरा खेळांवर पैज लावणं कायदेशीर आहे, तरी खेळाडू, प्रशिक्षक आणि पंचांना स्वतःच्या स्पर्धेवर पैज लावायला बंदी आहे. मला वाटतं, त्या बंदीचं महत्त्व इथे इतर कुठल्याही खेळाहून जास्त आहे. हँडिकॅपची युक्ती जन्मली पैजेसाठी. पॅरा खेळांनी तिच्यातली बरोबरी उचलली आणि पैज मागे ठेवली. म्हणून सट्टा न लागणं हा मला त्या खेळाचा कमीपणा वाटत नाही. दुबळेपणाचा भाव ठरवणारा बाजार तिथे अजून उभा राहिलेला नाही, हे उलट त्याचं सुदैव आहे.

‘खरा खेळ’ कशाला म्हणायचं, याचं एक उत्तर आपल्याच क्रिकेटमध्ये आहे. भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणी पोलिओने बारीक झाला होता. चेंडू ते डाव्या हाताने फेकायचे, पण गोलंदाजी त्याच उजव्या हाताने. १९७१ मध्ये ओव्हलवर त्या हाताने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडमध्ये भारत पहिली कसोटी जिंकला. कर्णधार आपल्या दादरचे अजित वाडेकर. पुढे वाडेकर शारीरिक अपंगांच्या क्रिकेटच्या कामात अनेक वर्षं होते. कामगार कायद्याच्या यादीत उजवा हात सगळ्यात महाग, गेला तर ७० टक्के. ओव्हलवरच्या त्या हाताला कोणता आकडा लावणार?

शेवटी पुन्हा शब्दाकडे. हँडिकॅपचा मूळ अर्थ मला आज जास्त खरा वाटतो: बाहेरून ठेवलेलं वजन. चाळीतलं गॅलरीच्या टोकाचं संडास, करी रोडच्या पुलाच्या पायऱ्या, लिफ्ट असून बंद असणं, मंडपाच्या रांगेत व्हीलचेअरला जागा नसणं. यातलं काहीही कुणाच्या शरीरात नाही. सगळं कुणीतरी ठेवलेलं आहे, आणि ठेवलेलं वजन उतरवता येतं. फरक एवढाच की रेसकोर्सवर ते सगळ्यात तगड्याच्या पाठीवर असतं, आणि आपण ते नेमकं उलट केलं आहे.

एक विनंती. तुमच्या घरात आजोबा-पणजोबा गिरणीत होते आणि अपघाताच्या भरपाईचे जुने कागद ट्रंकेत पडून असतील, तर ते टाकून देऊ नका. त्यावर किती टक्के लिहिलंय बघा आणि घरच्या मोठ्यांना विचारा, त्या टक्क्यांनंतर त्यांनी काय काम केलं. मला कळवलंत तर पुढचा लेख त्यावरच लिहायचा आहे. नावं अर्थातच येणार नाहीत.